डोळ्यांची साक्ष

जसे पाहिले तसेच सांगितले, तरी ते चूक निघाले, तर सांगणारा खोटा ठरतो काय? प्रत्यक्ष वेगळे आणि अनुमान वेगळे, असे न्यायशास्त्र सांगते. पण माणसे निवाडा करायला बसली की दोन्ही एकाच तागडीत घालतात. यावर फ्रान्स देशातली एक हकीकत सांगतो.

जीव जीवापासूनच होतो, की कुजक्या पदार्थातून आपोआपही होतो, हा वाद फार जुना. आपल्याकडेही ऐतरेय उपनिषदात घामापासून होणारे स्वेदज वेगळे मोजले आहेत. छांदोग्यात मात्र तीनच जाती. इटलीत रेडी यांनी १६६८ साली मांसाच्या भांड्यावर विरळ कापड बांधून दाखविले, की माशी बसली नाही तर अळी होत नाही. सूक्ष्म जंतूंचे भांडण मात्र तसेच राहिले.

१८६० साली लुई पाश्चर यांनी यीस्टचा काढा उकळून बंद केलेल्या कुप्या ठिकठिकाणी फोडल्या आणि हवा आत गेल्यावर पुन्हा बंद केल्या. खाली गावाकडे विसांपैकी आठ नासल्या, वर आल्प्समध्ये बर्फाच्या कडेला विसांत एकच. म्हणजे जंतू येतात ते धुळीबरोबर. पण रुआँ शहरचे पूशे काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते! त्यांनी सोबत्यांसह १८६३ साली पिरेनीज पर्वतावर तसाच प्रयोग केला. फक्त कुप्यांत गवताचा काढा होता. सगळ्या नासल्या.

आता बोला, लबाड कोण? दोघेही नव्हेत. गवतावरच्या एका जंतूचे बीज इतके चिवट, की उकळत्या पाण्यातही मरत नाही आणि हवा मिळाली की उठते. कोन आणि टिंडल यांनी हे १८७६-७७ च्या सुमारास उघड केले. भाजलेले बी उगवत नाही, हा वेदान्तातला दृष्टांत आम्ही जन्मभर देत आलो. पण उकळणे म्हणजे भाजणे नव्हे, बरे का! पूशे यांचे डोळे खरे होते, अनुमान फसले. पाश्चर यांचे अनुमान खरे. पण त्यांनी बोट ठेवले ते पूशे यांच्या कुप्या फोडण्याच्या रीतीवर, आणि गोम तर काढ्यात होती.

१८६४ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने समिती नेमली. तिचा कल आधीपासूनच पाश्चर यांच्याकडे. अटींवरून वाद झाला आणि पूशे मंडळी प्रयोग न करताच माघारी गेली. निकाल बरोबर लागला खरा, पण त्याला न्याय म्हणायला आमची जीभ रेटत नाही. त्यांनी गवताचा काढा तेवढा समितीपुढे उकळून ठेवला असता, तर कुप्या नासल्याच असत्या, आणि त्या विद्वानांना ते उघड्या डोळ्यांनी पाहावे लागले असते.