अकाली कळा, जुळा गर्भ आणि दैव-पुरुषकाराचा वाद

जुळ्यांच्या गरोदरपणात दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या की बाईला रुग्णालयात दाखल करून घेतात. 37 आठवड्यांच्या आत झालेले बाळंतपण वैद्यकशास्त्र अपुऱ्या दिवसांचे मानते. जगभरात दहांतले साधारण एक बाळ असे लवकर येते. जुळ्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. दोन बाळे आणि त्यांच्याभोवतीचे पाणी यांनी गर्भपिशवी लवकर ताणली जाते. एवढे कारण समजते. पण अमक्या बाईला अठ्ठाविसाव्या आठवड्यातच कळा का आल्या आणि शेजारच्या खाटेवरचीला छत्तिसाव्यापर्यंत का आल्या नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. वैद्यकाचे बोलणे जिथे थांबते तिथेच भारतीय परंपरेतला एक जुना वाद सुरू होतो: जे घडते ते दैवाने की माणसाच्या प्रयत्नाने?

हा वाद खाटेपाशी कसा येतो ते कळायला उपचारांचे स्वरूप पाहावे लागते. कळा मंदावण्यासाठी निफेडिपिनच्या गोळ्या किंवा अटोसिबनचे सलाईन देतात. ही औषधे बाळंतपण महिनोन्‌महिने पुढे ढकलत नाहीत. त्यांच्याकडून अपेक्षा असते ती साधारण दोन दिवसांची. तेवढ्यात स्टेरॉइडची इंजेक्शने पूर्ण करायची असतात. भारतात बहुधा डेक्सामेथासोन वापरतात, 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शने, दर बारा तासांनी एक. त्याने पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, म्हणजे श्वास सोडल्यावर फुप्फुसातले बारीक फुगे मिटू न देणारा थर वेळेआधी धरू लागतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांच्या प्रसूतीची सुरुवात कशाने होते ते शोधत होते. स्टेरॉइड मिळालेली कोकरे फार लवकर जन्मूनही श्वास घेताना त्यांना दिसली. बालरोगतज्ज्ञ हॉवी यांच्यासह त्यांनी स्त्रियांवर केलेली चाचणी 1972 मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपण 32 आठवड्यांच्या आत होणार असे दिसले तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही देतात.

आता यातली खोच अशी की अकाली कळांसाठी दाखल झालेल्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास पुढे पूर्ण दिवसांच्या बाळंत होतात, आणि अनेकींच्या कळा काही न करताही थांबतात. जुळी असली की हिशेब थोडा कडक होतो, पण तत्त्व तेच राहते. एखादीच्या कळा थांबल्या तर त्या औषधाने थांबल्या, आपोआप थांबल्या की घरच्यांनी बोललेल्या नवसाने, हे त्या एकीपुरते कोणालाही सिद्ध करता येत नाही. हजारो बायकांच्या चाचणीत औषधाचा गुण दिसतो. एका खाटेवर तो ओळखू येत नाही. त्यामुळे इथे श्रद्धाळू आणि नास्तिक दोघेही सारख्याच अंधारात असतात, हे मान्य करायला मात्र दोघेही सहसा तयार नसतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपले गुरू आत्रेय यांना नेमके हेच विचारतो: आयुष्य आधीच ठरलेले असते की नाही? आत्रेयांचे उत्तर दोन्ही टोके टाळते. पूर्वदेहात केलेले कर्म ते दैव आणि या देहात केलेले ते पुरुषकार, अशी ते व्याख्या करतात. म्हणजे दैवही मुळात कोणाचे तरी कर्मच. दोहोंपैकी जे बलवान ते दुसऱ्याला दाबते. सगळ्यांचे आयुष्य ठरलेलेच असते तर औषध, मंत्र, पथ्य यांची कोणालाच गरज पडली नसती आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून कोणी बाजूला झाले नसते, असा रोखठोक युक्तिवाद तिथे आहे. अकाली मृत्यूसाठी गाडीच्या आसाचा दाखला येतो. चांगला आस झिजून आपल्या वेळी निकामी होतो. तोच आस जास्त ओझ्याने किंवा खराब रस्त्याने मध्येच मोडतो. अतिभाराने वेळेआधी मोडण्याची ही कल्पना जुळ्या गर्भाने ताणलेल्या पिशवीला इतकी लागू पडते की ग्रंथकाराचा विषय दुसराच होता याचे नवल वाटावे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. दैवाला जागा आहे, पण पाचांतली एक. बाळंतपणाच्या वॉर्डात ही मांडणी विलक्षण नेमकी बसते. देह हे अधिष्ठान. बाई आणि तिच्यावर उपचार करणारे कर्ते. औषधे, यंत्रे ही साधने. इंजेक्शन देणे, तपासणे, वाट पाहणे या क्रिया. एवढे करूनही जे हाताबाहेर राहते ते पाचवे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे एक पूर्ण प्रकरण या प्रश्नाला दिले आहे. कर्माची साखळी अनादि मानली तरी मनुष्याची स्वतंत्र प्रवृत्ती उरते, हा त्यांचा निष्कर्ष आहे. कर्मसिद्धांताचा उपयोग पुढचे पाऊल टाकण्यासाठी करायचा की मागचे पाऊल उकरण्यासाठी, यावर त्याचे बरेवाईटपण ठरते.

घरोघरी तो बहुधा मागचे उकरण्यासाठीच वापरला जातो. पाण्याची बादली उचलली, रिक्षातून गेली, पपई खाल्ली, ग्रहणात सुरी हातात धरली, डोहाळजेवणाला उशिरापर्यंत उभी राहिली: कळा लवकर आल्या की आदल्या आठवड्याची उलटतपासणी सुरू होते आणि आरोपी ठरलेली असते. पुराणांतली दैत्यमाता दितीची कथा या वृत्तीचा एक जुना नमुना म्हणावा लागेल. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून तिने कडक व्रत धरले. एके दिवशी थकून, भागवताच्या कथेप्रमाणे पाय न धुता व चूळ न भरता ती झोपली. तेवढ्या फटीतून इंद्र गर्भात शिरला आणि त्याने गर्भाचे सात आणि मग त्या प्रत्येकाचे सात असे 49 तुकडे केले. पाय न धुणे आणि गर्भाचे तुकडे होणे यांतले प्रमाण कथेला खटकत नाही, हे विशेष. पण सांगणारे बहुधा कथा इथेच सोडतात. ते तुकडे मेले नाहीत; त्यांचे मरुद्गण झाले आणि ज्याने वार केला त्याच इंद्राने त्यांना सोबती म्हणून बरोबर घेतले. आईच्या चुकीने गर्भ नासतो असे सांगायला दितीची कथा वापरणाऱ्याला तिचा शेवटच खोटे पाडतो.

जुळ्यांच्या बाबतीत तर शास्त्रग्रंथानेही बोट दाखवले आहे. वायूने बीज दुभंगले की जुळी होतात, हे चरक आणि सुश्रुत दोघांनीही सांगितले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मात्र अशा जन्मामागे अधर्म असल्याची पुस्ती जोडलेली आहे. त्याच परंपरेने अश्विनीकुमारांना देवांचे वैद्य मानले, नकुल-सहदेव आणि लव-कुश यांना नायक केले, तेव्हा ही पुस्ती फार कोणी मनावर घेतली असे दिसत नाही.

आईच्या वागण्याला कारण ठरवणाऱ्या मताला सगळ्यात सबळ उत्तर जुळीच देतात. आई एक, आहार एक, उचललेली बादलीही एकच. तरी एक बाळ दीड किलोचे आणि दुसरे एक किलोचे निघते. एक जन्मताच रडते, दुसऱ्याला व्हेंटिलेटर लागतो. मातेचे आचरण हे कारण असते तर फळ दोघांत सारखे वाटले जायला हवे होते. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने पाचव्या शतकात फलज्योतिषाविरुद्ध हाच जुळ्यांचा दाखला दिला होता: बायबलमधल्या याकोब आणि एसाव या जुळ्यांचा जन्मकाळ जवळपास एकच, मग नशिबे इतकी वेगळी कशी? कर्मवादी यावर म्हणेल की दोघांची पूर्वकर्मे वेगळी. त्याचे म्हणणे सुसंगत आहे. पण ते स्वीकारले तर दोष आईच्या खात्यातून निघून जातो, ही गोष्ट त्याने मग नजरेआड करू नये.

खाटेवर पडून राहण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. कितीतरी वर्षे अशा बायकांना पूर्ण विश्रांती सांगितली जाई: उठायचे नाही, शौचालाही भांडे खाटेवरच. आता अभ्यासांतून अशा सक्तीच्या विश्रांतीने बाळंतपण लांबत असल्याचे दिसत नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि स्नायू क्षीण होतात. म्हणून तज्ज्ञसंस्था ती सरसकट सांगू नका म्हणतात. तरी ती टिकून आहे, आणि तिच्या टिकण्यामागे व्रताचे तर्कशास्त्र दिसते. जे कष्टाचे ते फळ देणारच, ही उपासाची, अनवाणी वारीची, दंडवताची शिकवण अंगात मुरलेली असते. निश्चल पडून राहणे हे बाईला करता येण्याजोगे एकमेव तप वाटते, आणि ते निरुपयोगी आहे असे सांगणे तिच्या हातातली शेवटची गोष्ट काढून घेतल्यासारखे होते. गीतेने चौथ्या अध्यायात अकर्मातही कर्म पाहायला सांगितले आहे, पण त्याबरोबर कर्म कोणते आणि अकर्म कोणते हे ठरवताना जाणतेही गोंधळतात अशी कबुलीही दिली आहे. सोसणे म्हणजे पुण्य हे समीकरण त्या अध्यायात कुठेही नाही.

प्रत्यक्षात तिला करण्यासारखे बरेच असते. पोटावर पट्ट्यांनी तीन चकत्या बांधतात: एक कळांची, दोन बाळांच्या ठोक्यांच्या. दोन्ही चकत्यांनी चुकून एकाच बाळाचे ठोके पकडले नाहीत ना, हे सिस्टरला दर वेळी पडताळावे लागते. कागदावर दोन रेघा अगदी जोडीने चढू-उतरू लागल्या की संशय येतो आणि शोध नव्याने सुरू होतो. कुठले बाळ कुठे लाथ मारते हे आईला बहुधा आधी ठाऊक असते. तिच्या बोटाने दाखवलेल्या जागी चकती सरकवली की दुसरा ठोका सापडतो. पोट कडक होण्यातले अंतर मोजणे, पाणी गेल्यासारखे वाटले तर लगेच सांगणे, रक्त दिसले तर न लपवणे, हा सगळा पुरुषकारच आहे.

परंपरेतली एक समजूत इथे थेट नुकसान करू शकते, म्हणून ती वेगळी पाहायला हवी. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे मराठी घरांतून आजही ऐकू येते. चरकाच्या मते आठव्या महिन्यात ओज, म्हणजे देहाचे सारतत्त्व, आई आणि गर्भ यांच्यात ये-जा करते, म्हणून त्या महिन्यातला जन्म संकटाचा. गर्भोपनिषद सातव्या महिन्यात जिवाचा योग सांगते. आठव्या महिन्याची भीती ग्रीक वैद्यांच्या हिप्पोक्रेटिसपरंपरेतही होती, म्हणजे हा दोन संस्कृतींचा समान गैरसमज. वस्तुस्थिती उलटी आहे: पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो. सातव्या महिन्याची ख्याती कशी झाली याविषयी एक तर्क करता येतो. लग्नानंतर सातव्या महिन्यात जन्मलेली पुष्कळशी धडधाकट बाळे मुळात पूर्ण दिवसांचीच असावीत.

जुळ्यांमुळे उभा राहणारा खरा धर्मसंकटाचा प्रसंग वेगळाच आहे. एकोणतिसाव्या आठवड्यात एका बाळाची वाढ खुंटली, त्याच्या नाळेतला रक्तप्रवाह बिघडला. दुसरे उत्तम आहे. प्रसूती केली तर पहिले कदाचित वाचेल, पण दुसऱ्यावर अकाली जन्माचे सगळे धोके ओढवतील. थांबले तर दुसऱ्याला आठवडे मिळतील, पहिले पोटातच जाऊ शकते. वार एकच असेल तर एकाच्या मृत्यूने दुसऱ्याचाही जीव किंवा मेंदू धोक्यात येतो, तेव्हा निर्णय काहीसा सोपा होतो. वारा वेगळ्या असतील तर तो सोपा होत नाही. कुळासाठी एकाचा त्याग करावा हा नीतिवचनांतला हिशेब इथे लावणे सोयीचे दिसते. तो लावू नये असे म्हणायला सबळ कारण आहे. त्या हिशेबात अनेकांच्या बदल्यात एक असतो, आणि इथे एकासमोर एकच आहे. उरतात त्या शक्यता: कोणाच्या वाचण्याची किती, कोणाला इजा होण्याची किती. त्या डॉक्टरांनी आईबापांसमोर आकड्यांसह ठेवायच्या आणि निर्णय एकत्र घ्यायचा. असा निर्णय दोन्हीकडून सदोष असतो. महाभारतात धर्माची गती सूक्ष्म आहे असे पुन्हा पुन्हा म्हटले जाते ते अशाच प्रसंगी, आणि तिथेही निर्णय घेणाऱ्याचे दुःख नाकारलेले नाही.

मग नवस, जप, कमरेला बांधलेला दोरा यांचे काय? चरकाने सूत्रस्थानात उपचारांचे तीन प्रकार केले आहेत. मंत्र, होम, उपवास, तीर्थयात्रा यांचा दैवव्यपाश्रय. आहार आणि औषधांचा युक्तिव्यपाश्रय. आणि मनाला अहितापासून आवरण्याचा सत्त्वावजय. पहिला दुसऱ्याच्या जागी चालेल असे त्याने म्हटलेले नाही, आणि पहिल्याची चेष्टाही केलेली नाही. दोऱ्याने इंजेक्शनला उशीर होत नसेल तर वॉर्डाला त्यात हरकत घ्यायचे कारण नाही. मुहूर्त साधायला सिझेरियन लांबवा असा आग्रह झाला तर मात्र हरकत आहे. कॅथलिक धर्मात मृत्यूचे भय असलेल्या बाळाला पाद्री नसताना कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. तिथेही उपचार चालू ठेवूनच पाणी ओतले जाते.

तिन्हींपैकी रुग्णालयात सर्वात दुर्लक्षित राहतो तो तिसरा. गोळ्यांची वेळ कागदावर असते, अंगारा उशीखाली असतो; पण हे कशामुळे झाले असे विचारणाऱ्या बाईला ‘तुझ्यामुळे नाही’ असे स्पष्ट शब्दांत सांगण्याचे काम कोणाच्याच वाटणीला आलेले नसते. चरकाच्या वर्गीकरणात ते उपचाराचेच काम आहे. राउंडला येणारे डॉक्टर, रात्रपाळीची सिस्टर किंवा डबा घेऊन आलेली सासू, यांच्यापैकी कोणालाही ते करता येते.