उद्यां उतरणारा भाव

एखाद्या वस्तूचा भाव उद्यां उतरणार हें विकणाऱ्यास ठाऊक आहे व घेणाऱ्यास ठाऊक नाहीं, तर विकणाऱ्यानें तें सांगावें कीं न सांगावें? हा प्रश्न आमच्यापुढें पुस्तकांतून आला नाहीं. तालुक्याच्या एका कापडदुकानांतून आला. आमच्या मंडळींतील एक तरुण त्या दुकानांत पुरुषांच्या व मुलांच्या तयार कपड्यांच्या विभागांत नोकरीस आहे. गेल्या नाताळाच्या पांच दिवस आधीं त्याच्याच गांवची एक विधवा बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाकरितां शर्ट व पँट घेण्यास तेथें गेली. दोहोंचे मिळून १,४०० रुपये होत होते. तिनें विचारिलें, “कांहीं कमी होईल का रे?” तो म्हणाला, “नाहीं मावशी, इथें एकच भाव.” तिनें पैसे मोजले. नाताळ झाला, आणि तिसऱ्या दिवशीं दुकानावर बोर्ड लागला: हंगामअखेरचा सेल, सर्व माल निम्म्या किंमतीस. तीच शर्ट-पँट ७०० रुपयांस! रोजगार हमीचा आपल्या राज्यांतील रोज २०२५-२६ सालीं ३१२ रुपये ठरला होता, त्या हिशेबानें तिची दोन दिवसांहून अधिक मजुरी गेली.

रविवारीं उपासनेनंतर तो तरुण आमच्याकडे आला. मालकानें सर्व नोकरांस सेलाची तारीख आठ दिवस आधींच सांगितली होती, व ती बाहेर फोडूं नये अशी ताकीदही दिली होती. “पाळकसाहेब, मीं तिला फसविलें का?” असें त्यानें विचारिलें. आम्हीं लागलीच उत्तर दिलें कीं, ज्याचें मीठ खातोस त्याची गुप्त गोष्ट तूं राखलीस, यांत तुझा दोष नाहीं. तो गेला, पण आमचें उत्तर आमच्यापाशींच राहिलें, व त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप लागली नाहीं.

प्रथम मालकाच्या बाजूनें जें म्हणावयाचें तें म्हटलें पाहिजे. खेड्यांतील आपणां लोकांस वाटतें कीं, आजचा १,४०० चा कपडा उद्यां ७०० ला देतात, तेव्हां वरचे ७०० ही निव्वळ लूट होती. हें पुरतें खरें नाहीं. थंडीचा माल दुकानदारास कित्येक महिने आधीं ठोक व्यापाऱ्याकडे मागवावा लागतो. काय खपेल याचा तो अदमास करितो, व अदमास कधींच तंतोतंत उतरत नाहीं. माल सर्व मापांत येतो. पुरुषांच्या शर्टांत ३८, ४० व ४२ हीं मधलीं मापें आधीं उठतात. ३६ व ४६ फळीवर बसून राहतात. मुलांच्या कपड्यांत तर याहून वाईट, कारण मोठा मनुष्य पुढच्या वर्षीं त्याच मापाचा असतो, पण मुलगा नसतो. मापें तुटलीं म्हणजे गिऱ्हाईक येऊन रिकाम्या हातानें जातें. इकडे व्यापाऱ्याची उधारी उभी, भांडवलावर व्याज चालू, आणि उन्हाळ्याचा माल दाराशीं येऊन पडलेला. अशा वेळीं निम्म्या भावानें, प्रसंगीं खरेदीहूनही कमी भावानें, माल काढून रोकड मोकळी करणें हाच शहाणपणा. पहिल्यानें घेणाराच्या १,४०० त शेवटच्या मालाच्या नुकसानीचा वांटा आधींच धरलेला असतो. आणि माल काढणें हें तो नष्ट करण्याहून शतपट बरें. इंग्लंडांतील एका प्रख्यात कंपनीनें २०१७-१८ सालीं २ कोटी ८६ लक्ष पौंडांचा न खपलेला माल नष्ट केला, कां तर स्वस्तांत विकल्यास नांवाचा तोरा कमी होईल! बोभाटा झाल्यावर २०१८ सालीं तिनें ती रीत सोडल्याचें जाहीर केलें.

खोट्या सेलाची गोष्ट निराळी. आधीं भाव चढवून मग त्यावर तांबडी रेघ मारणें ही उघड लबाडी आहे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेंही सवलतीच्या भावाची फसवी जाहिरात अनुचित व्यापारांत धरली आहे. वेष्टणावरची ‘कमाल किरकोळ किंमत’ ही, नांवांतच आहे त्याप्रमाणें, कमाल मर्यादा असते, खरा भाव नव्हे, हेंही आपल्या लोकांनीं ध्यानांत ठेवावें. सवलतीच्या मोहानें नको तो माल घरीं येतो, हें आम्हांस दुसऱ्यास शिकविण्याचा अधिकार नाहीं. आमच्या पेटींत सेलांत घेतलेला ४४ मापाचा एक कोट तीन वर्षें तसाच आहे, आणि आमचें माप ४० आहे. परंतु या बाईच्या गोष्टींत खोटा भाव नव्हता आणि नको तो मालही नव्हता. तिच्या मुलास कपडे हवेच होते. प्रश्न केवळ मौनाचा होता.

हा प्रश्न फार जुना आहे. रोमन पंडित सिसरो यानें ख्रिस्तपूर्व ४४ सालीं आपल्या मुलाकरितां कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत एक दृष्टांत आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला असतां एक व्यापारी आलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून धान्याचीं आणखी गलबतें येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे; बेटांतील भुकेल्या लोकांस तें ठाऊक नाहीं. त्यानें सांगावें काय? बाबेलचा डायोजनीस व त्याचा शिष्य अँटिपेटर यांचीं दोन मतें सिसरोनें समोरासमोर मांडलीं आहेत. गुरूचें म्हणणें, मालांतील दोष कायदा सांगेल तितका सांगावा, खोटें बोलूं नये, आणि मग मिळेल त्या भावानें विकावें. न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. शिष्याचें म्हणणें, मनुष्यमात्राचें हित तें तुझें हित, तेव्हां सर्व सांग. सिसरोचा कौल शिष्याकडे पडतो. उलट पक्षीं तेराव्या शतकांतील थॉमस अक्वायनस असा निर्णय देतो कीं, चालू भावानें विकणारानें पुढें येणारा भाव सांगितला नाहीं तर तो न्याय मोडतो असें दिसत नाहीं. सांगितल्यास मात्र त्याचा सद्गुण अधिक मोठा.

अक्वायनसचें मत आम्हांस कांहीं दिवस फार सोयीचें वाटलें, कारण तें आमच्या पहिल्या उत्तराशीं जुळत होतें. पण दोन गोष्टींनीं आम्हांस तेथून हलविलें. एक अशी कीं, ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याच्या हातीं मागचीं गलबतें नव्हतीं. भाव उतरविणारा वारा दुसरीकडून येत होता. येथें गलबतें मालकाचींच, वाराही त्याचाच. त्याला उद्यांची केवळ बातमी नव्हती, उद्यां त्याच्या खिशांत होता. तरीही, माल त्याचा व भाव ठरविण्याची मुखत्यारी त्याची, असें कोणी म्हणेल, आणि आम्ही त्यास निरुत्तर करूं शकलों नसतों.

दुसरी गोष्ट त्या तरुणानें पंधरा दिवसांनीं, आम्हीं न विचारतां, सांगितली. सेलाची तारीख सर्वांपासून गुप्त नव्हतीच. दुकानाच्या वहींत ज्यांचे फोन नंबर आहेत अशा जुन्या व मोठ्या गिऱ्हाइकांस ती चार दिवस आधीं संदेशानें कळविली होती, व त्यांच्यासाठीं चांगलीं मापें बाजूस काढूनही ठेविलीं होतीं. म्हणजे ज्याला थांबणें परवडतें त्याला थांबण्यास सांगितलें. जिला परवडत नाहीं तिला ‘एकच भाव’. गरीब मनुष्य हंगाम पाहून कपडे घेत नाहीं; हातांत पैसा व दारांत सण हीं दोन्हीं ज्या दिवशीं भेटतात त्या दिवशीं घेतो. त्यामुळें पुऱ्या भावाचें गिऱ्हाईक बहुधा तोच असतो. धंद्याचें गुपित राखणें नोकराचें कर्तव्य आहे, हें आम्ही आजही म्हणतों: मालकाचा हिशेब, त्याची खरेदीची किंमत, त्याची देणीं हीं सारीं राखावीं. परंतु जें अर्ध्या गांवास कळविलें व उरलेल्या अर्ध्यापासून लपविलें, तें गुपित नव्हे, तो पंक्तिभेद होय.

मग त्या तरुणाच्या उत्तराचें काय? ‘एकच भाव’ हे शब्द त्या दिवशीं खरे होते. बाईनेंही घासाघीस करावी म्हणूनच विचारिलें होतें, सेलाची तिला कल्पना नव्हती. पण तो स्वतः म्हणाला, “तिनें विचारतांच मला तो बोर्ड दिसला.” ज्याला बोर्ड दिसला त्याचें उत्तर बोर्ड न दिसणाऱ्याच्या उत्तरासारखें निर्दोष राहत नाहीं. त्यानें एवढें म्हणावयास हवें होतें कीं, मावशी, फार घाई नसेल तर आठ दिवस थांबून पाहा. पण थांबलांत तर याचें माप उरेलच असें नाहीं. दोन्हीं गोष्टी खऱ्या होत्या. निवड तिनें केली असती: नाताळास नवे कपडे, कीं नवीन वर्षाच्या उपासनेस नवे कपडे व हातांत ७०० रुपये. ती निवड तिच्या हातून काढून घेतली गेली, आणि आमच्या मतें पैशांहून तेंच मोठें. फ्रान्स देशांत हंगामी सेलांचीं मुदत कायद्यानें बांधलेली आहे. २०२० पासून हिंवाळ्याचे चार आठवडे व उन्हाळ्याचे चार आठवडे, व आरंभाचा दिवस आधींच सर्वांस ठाऊक असतो. तेथेंही लोक मोहांत पडतच असतील, पण तारीख न कळल्यामुळें कोणी विधवा नागविली जात नाहीं.

आम्हीं त्या तरुणास बोलावून आमचें पहिलें उत्तर परत घेतलें. त्यानें आपल्या पगारांतून ३५० रुपये काढून त्या बाईकडे नेले. अर्धा दोष मालकाचा, म्हणून अर्धेच. तिनें ते घेतले नाहींत. ती म्हणाली, “पोरानं नाताळला घातले, आतां त्याचे पैसे माघारी कसे घेऊं?” मग तिनें विचारिलें, “पण पुढल्या बारीला मला सांगशील का?” त्याला उत्तर देववलें नाहीं. त्यानें मालकाजवळ एवढेंच मागितलें आहे कीं, कोणी विचारल्यास खरें सांगण्याची मोकळीक नोकरांस असावी. मालकानें हो म्हटलें नाहीं, नाहीं म्हटलें नाहीं. पावसाळी सेल आषाढांत लागतो, व शाळा त्याच्या आधीं उघडतात. आमच्या मंडळींतील चार-पांच घरें मुलांचे कपडे घेण्यास त्याच दुकानांत जाणार आहेत.