झुडपाखालील भाकर

काही वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक माउली आम्हांस भेटावयास आली. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा ती एकटी करीत होती. "फादर, रात्र रात्र डोळा लागत नाही. प्रार्थनेतही मन रमत नाही," ती म्हणाली. आम्ही तिला रोज आणखी एक जपमाळ करावयास सांगितले. ती मुकाट्याने निघून गेली. थकलेल्या खांद्यावर आपण आणखी एक ओझे ठेवले, हे उमगावयास आम्हांस पुष्कळ दिवस लागले.

स्वतःची काळजी घेणे हा स्वार्थ आहे काय? आपल्या घरांतून, विशेषतः मातांच्या मनात, 'होय' हेच उत्तर रुजलेले आहे. सर्वांमागून उरलेले खावे, दुखणे अंगावर काढावे, यालाच आपण त्याग म्हणत आलो. परंतु शेजाऱ्यावर प्रीती करावयास सांगणारी आज्ञा स्वतःवरील प्रीती हेच तिचे माप मानते. माप रिकामे असेल, तर शेजाऱ्याच्या पदरात काय पडणार?

जुन्या करारातील एलिया संदेष्टा ईजबेल राणीच्या भयाने रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही की अल्पविश्वासी म्हणून दटावले नाही. त्याला झोपू दिले. देवदूताकरवी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिले. तो पुन्हा झोपला, पुन्हा जेवला. होरेब डोंगराची वाट आणि नवे कार्य ही त्यानंतरची.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात दुःखावर उपाय सांगितले: आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि शेवटी झोप व स्नान. एवढ्या थोर धर्मपंडिताने आंघोळीलाही धर्मशास्त्रात स्थान दिले, कारण शरीर सावरले की मनालाही उभारी येते, हे ते जाणून होते.

मात्र सर्वच खिन्नता विश्रांतीने जात नाही. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. ते विश्वासाचे अपयश नव्हे. शासनाने 2022 साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. एलियाने ती भाकर स्वतः भाजली नव्हती. ती कोणीतरी आणून दिली होती. थकलेल्या माणसाला 'स्वतःला जप' एवढे सांगून आपले कर्तव्य संपत नाही. आम्ही पुढे त्या माउलीच्या घरी गेलो, तिची क्षमा मागितली आणि तिच्या मुलांना आजीजवळ आळीपाळीने रात्री जागावयास सांगितले. पुढच्या भेटीत ती एवढेच म्हणाली, "फादर, काल मी झोपले."

तिची ती झोपही आम्हांस प्रार्थनाच वाटली.