वाचनाची बाकी

ग्रंथ वाचून मनुष्य ज्ञानी होतो काय, हा प्रश्न फार जुना आहे. आणि ज्याचे पुस्तकांवर मनापासून प्रेम आहे त्यालाच तो अधिक जाचतो. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद शिष्यभावाने सनत्कुमारांकडे येतात, आणि आजवर काय शिकलास ते आधी सांग, असे सनत्कुमार म्हणताच, चार वेद, इतिहास-पुराणे, व्याकरण, गणित, नक्षत्रविद्या, सर्पविद्या अशी आपल्या अध्ययनाची फेरिस्त, एखाद्या कारभाऱ्याने दप्तर रुजू करावे तशी, ते त्यांच्यापुढे मांडतात. पण अखेरीस कबुली देतात ती ही की, मला मंत्र कळले, आत्मा कळला नाही, आणि म्हणून मी शोक करीत आहे.

हा शोक मला प्रथम कळला तो माझ्या लहानपणी. आमच्या घरी ज्ञानेश्वरीची पोथी तांबड्या बासनात बांधलेली असे, आणि श्रावणात तिचे सप्ताह-पारायण होई. एका वर्षी वडिलांनी तो मान मला दिला. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत संपवायच्या, म्हणजे रोज सुमारे तेराशे ओव्यांची मजल गाठायची. समईचा मंद उजेड, उदबत्तीचा वास आणि ओवीमागून ओवी येणारी ती लय यांत मी असा तल्लीन होई की, अर्थ पुरता न कळताही कानांना व जिभेला एक अपूर्व गोडी लागे. त्या आनंदाला मी आजही खोटा म्हणणार नाही.

चौथ्या दिवशी तेरावा अध्याय चालला होता. गीतेने तेथे ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत अमानित्व आहे, क्षमा आहे, सरळपणा आहे. किती ग्रंथ वाचले याचा हिशेब मात्र कोठेही नाही. त्यांतील ‘अहिंसा’ या एका शब्दावर ज्ञानेश्वर शंभरावर ओव्या खर्च करतात, आणि भ्रमर कमळावर पाय ठेवताना केसर चुरगळेल या भीतीने जसा हळुवार होतो, तसा अहिंसक पुरुष भूमीवर चालतो, असे सांगतात. नेमकी तीच ओवी मोठ्याने म्हणत असता माझ्या धाकट्या बहिणीचा हात पोथीच्या पानाला लागला, आणि मी तो इतक्या जोराने झिडकारला की ती कळवळून रडू लागली. तोंडात भ्रमराचे पाऊल होते आणि हात दगडाचा होता. पारायण सातव्या दिवशी यथासांग समाप्त झाले, नैवेद्य झाला, सर्वांनी कौतुक केले. पण माझ्या खात्यावर जी बाकी निघाली होती ती त्या कौतुकाने फिटली नाही.

पुढे छांदोग्य वाचले तेव्हा सनत्कुमारांच्या उत्तराने मला मोठा धीर दिला. तू जे शिकलास ते सर्व केवळ नाम आहे, असे ते नारदांना सांगतात खरे. परंतु ते टाकून दे, असे सांगत नाहीत. त्या नामाचीच उपासना कर, असे म्हणून, नामाहून वाणी थोर, वाणीहून मन थोर, अशा एकेका पायरीने ते त्यांना अखेर भूमा नामक त्या अमर्याद सुखापर्यंत नेतात. आणि बहुतेक प्रत्येक पायरीवर नारद एकच गोष्ट विचारतात, याहून थोर काही आहे काय? ज्याने काहीच वाचले नाही त्याला आपल्याला काय कळले नाही याचा पत्ताच नसतो. नारदांना तो होता, कारण त्यांनी वाचले होते. म्हणून वाचनानंतर उरणारी ही रुखरुख म्हणजे वाचन व्यर्थ गेल्याचा पुरावा नसून, ते आपल्या आत दाखल झाल्याची पहिली खूण आहे, असे मी मानतो. ज्याला ग्रंथ मिटताना काहीच बोचत नाही, त्याच्या वाचनाविषयीच मला शंका वाटते.

आता मी पारायणाची घाई करीत नाही. त्या तेराव्या अध्यायापाशी येतो तेव्हा पुष्कळदा तेथेच थांबतो, आणि पोथी बासनात बांधताना गाठ हळू मारतो. त्या वेळी झिडकारलेल्या हाताची भरपाई त्याने होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी एवढा हळुवारपणा माझ्या बोटांत आला तो त्या ओवीमुळेच, आणि म्हणून उरलेल्या बाकीसाठी ती पुन्हा वाचण्यास मी बांधलेला आहे.