जुनं लुगडं, नवी ऊब

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 22



माणूस जीर्ण वस्त्रं टाकून नवी नेसतो, तसा आत्मा जीर्ण देह सोडून नवा धारण करतो, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. श्लोक लहानपणापासून पाठ. तरी आई गेल्यावर तिची लुगडी दोन वर्षं ट्रंकेतच होती. कुणाला देववेनात, बघवेनात.

शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गोधडी शिवू या." धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी आतल्या थरांना, जरा धड असलेली वर आणि खाली. मग कडेपासून धावदोरा घालत, चौकोनामागून चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. ते नऊ वार कापताना मात्र माझा हात थरथरला.

टाके घालता घालता उमगलं. श्लोकात महत्त्व नेसणाऱ्याला आहे, वस्त्राला नाही. मी वस्त्रालाच आई समजून कुलूप लावून बसले होते! सोडणं म्हणजे फेकून देणं नव्हे. 'हे माझं' हा हट्ट सोडणं. ट्रंकेत त्या लुगड्यांना कसर लागली असती. आज माझी नात ती गोधडी पांघरून झोपते. पणजीला तिने पाहिलंही नाही, पण ऊब तिला मिळते.

आजचा संकल्प : कुलपात जपलेली एक तरी वस्तू आज कुणाच्या कामी येऊ द्या.

श्रीकृष्णार्पणमस्तु.