दाखला आणि सप्तपदी

गृहस्थाश्रम हा सहवासाचा आश्रम आहे. पतिपत्नींनी एका छपराखाली राहावे, यासाठी परक्या सरकारची परवानगी लागेल, अशी कल्पनाही आपल्या वाडवडिलांना आली नसेल. आज मात्र पांढुर्णा-सौंसर भागातील एखाद्या घरची मुलगी परदेशस्थ मुलास दिली, किंवा एखाद्या घरच्या मुलाने परदेशस्थ मुलीशी लग्न ठरविले, म्हणजे मुहूर्ताच्या आधी दुसराच प्रश्न निघतो : व्हिसा कोणता?

आम्ही वकील नव्हे आणि आमचे शिक्षणही शाळेपुरतेच. परंतु आमच्या घरी पौरोहित्य चालते. लग्नाची तिथी विचारावयास येणारी काही मंडळी हल्ली तिथीच्या आधी विवाहाचा दाखला मागतात. त्यामुळे कोणत्या मार्गाने जोडीदाराकडे जावे, हा प्रश्न केवळ कचेरीचा न राहता धर्माचाही झाला आहे. त्याचा विचार सभासद कुटुंबांनी मिळून करावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम मार्ग कोणते ते पाहू. अमेरिकेचे उदाहरण घेतो. पहिला मार्ग वाग्दत्ताचा. तेथील नागरिकाला आपल्या वाग्दत्त वधूसाठी वा वरासाठी अर्ज करता येतो. अर्जापूर्वीच्या २ वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते, दोघेही विवाहास मोकळे असावे लागतात, आणि त्या देशात उतरल्यापासून ९० दिवसांच्या आत विवाह करावा लागतो. त्यानंतर कायम निवासासाठी पुन्हा अर्ज. मध्यंतरी परवाना हाती येईपर्यंत नोकरी करता येत नाही. आगाऊ परवानगीवाचून मायदेशी आल्यास तो अर्ज सोडून दिला, असे सामान्यतः समजले जाते. घरी कोणी आजारी पडले तरी हा नियम आड येतो.

दुसरा मार्ग पतीचा वा पत्नीचा. यात विवाह आधी आणि अर्ज मागून. वाट पाहण्याचे दिवस लग्नानंतर येतात, आणि नवविवाहितांना ते जड जातात. परंतु जो जातो तो कायम निवासी म्हणूनच उतरतो आणि पहिल्या दिवसापासून काम करू शकतो. त्या वेळी विवाहास २ वर्षे झाली नसतील तर हा हक्क २ वर्षांपुरता सशर्त असतो, आणि ती शर्त काढून घेण्याचा अर्ज सामान्यतः दोघांनी मिळून करावयाचा असतो.

तिसरा मार्ग आश्रिताचा. पती किंवा पत्नी तेथे एच-१बी व्हिसावर नोकरी करीत असेल, तर जोडीदारास एच-४ व्हिसा मिळतो. आपल्याकडील अनेक मुली याच मार्गाने जातात. या व्हिसावर सामान्यतः नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काहींना कामाचा परवाना मिळू लागला, पण तो मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचे कायम निवासाचे प्रकरण ठराविक टप्पा ओलांडून गेले आहे, अशांपुरताच. ब्रिटनमध्येही वाग्दत्त म्हणून जाणाऱ्यास ६ महिन्यांची मुदत मिळते, आणि त्या मुदतीत नोकरीस मनाई असते.

घरोघरी या मार्गांची तुलना बहुधा एकाच मापाने होते : लवकर कोणता? हे माप अगदीच चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. विरहाचे दिवस मोजणाऱ्याला महिन्यांचा हिशेब करावाच लागतो. तथापि त्याच्या आधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत, असे आमचे मत आहे. या मार्गावर आपणांस कोठे असत्य बोलावे लागते काय? आणि या मार्गाचा भार दोघांपैकी कोणावर पडतो?

पहिला प्रश्न घेऊ. कायद्याने दाखविलेला कोणताही मार्ग मुळात असत्य नाही. असत्य शिरते ते दोन मार्गांची सोय एकदमच साधू पाहण्यात. येथे अग्नीसमक्ष सात पावले चालावयाची, चारशे पाने वाढावयाची, आणि वकिलातीत जाऊन आपण अजून अविवाहित आहोत असे सांगावयाचे, हा एक प्रकार. पर्यटक म्हणून जातो असे सांगून मनात कायम राहण्याचा बेत ठेवणे, हा दुसरा. अशी खोटी विधाने उघडकीस आली तर त्या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते. ज्या सहवासासाठी खोटे बोललो, तो सहवासच त्यामुळे दुरावतो.

तिसरा प्रकार अधिक सोज्वळ दिसतो, आणि पुरोहिताच्या घराशी त्याचाच संबंध येतो. मुलगा आठ दिवसांच्या रजेवर आलेला असतो. मंगल कार्यालय पुढल्या वर्षीचे ठरलेले असते. मंडळी म्हणतात, "गुरुजी, लग्न पुढे थाटाने करूच, आता फक्त लग्न लागल्याचा दाखला द्या, म्हणजे नोंदणी होईल आणि व्हिसाचे काम सुरू होईल." यात कोणाची फसवणूक करण्याचा त्यांचा हेतू नसतो. दोन्ही घरे राजी असतात. मग एका सहीने काय बिघडते?

काय बिघडते ते एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणातून दिसते. वैमानिक असलेल्या एका तरुणाने व तरुणीने विधी होण्यापूर्वीच एका संस्थेकडून विवाहाचा दाखला घेऊन नोंदणी केली होती. प्रत्यक्ष समारंभ पुढे व्हावयाचा होता. तो होण्यापूर्वीच दोघांत बेबनाव झाला. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी निर्णय दिला की, विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही. तो दाखला व ती नोंदणी त्यांनी निरर्थक ठरविली. परदेशी जाण्याच्या व्हिसासाठी अशा नोंदी केल्या जातात, याचाही उल्लेख न्यायालयाने केला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम ७ हेच सांगते : ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे, तेथे सातवे पाऊल पडले म्हणजे विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. कलम ८ खालील नोंदणी हा त्या घटनेचा पुरावा आहे. घटनाच नसेल तर पुरावा कशाचा?

अशा दाखल्याने मुलीची जी अवस्था होते, ती आपल्या पांढुर्ण्याच्या माणसांना समजावून सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, तिची दंतकथा आपण लहानपणापासून ऐकतो. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला, आणि दोघांवर संकट कोसळले ते नदीच्या मध्यावर. माहेरचा काठ सुटला होता आणि सासरचा काठ लागला नव्हता. विधीवाचून दाखला घेतलेली मुलगी अशीच मध्यावर उभी असते. कचेरीत ती विवाहिता, घरी ती अविवाहिता. उद्या मुलाचे मन फिरले तर समाज म्हणेल, "लग्न झालेच कोठे?" आणि कचेरी म्हणेल, "आधी न्यायालयातून सुटका करून आणा."

येथे एका जुन्या लढ्याची आठवण होते. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत, पतीकडे राहावयास आलेल्या एका हिंदी मुसलमान स्त्रीला उतरू देण्याचे सरकारने नाकारले. प्रकरण केपच्या न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्या. सर्ल यांनी निकाल दिला की, बहुपत्नीत्वास मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तेथील कायद्यास मान्य नाही. म्हणजे हजारो हिंदू, मुसलमान व पारशी स्त्रिया एका निकालाने कायद्याच्या लेखी पत्नी राहिल्या नाहीत. गांधीजींच्या सत्याग्रहात त्यानंतर स्त्रिया उतरल्या. कस्तुरबांना ३ महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. अखेर १९१४ च्या कायद्याने हिंदी धर्मरीतीने झालेल्या एकपत्नी विवाहांस मान्यता मिळाली.

त्या स्त्रियांजवळ संस्कार होता, दाखला नव्हता, आणि संस्कार खरा आहे एवढ्यासाठी त्यांनी कारावास सोसला. आज आपण दाखला मागतो आणि संस्कार सवडीने करू म्हणतो. परदेशाच्या सरकारने आपल्या विवाहविधीचा मान राखावा अशी आपली अपेक्षा असेल, तर त्याचा मान प्रथम आपल्या घरी राहिला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, "हे सांगणे सोपे आहे. मुलाची रजा आठ दिवसांची, आणि एक वर्ष उशिरा अर्ज केला तर एक वर्षाचा विरह वाढतो. त्याचे काय?" हा आक्षेप खरा आहे आणि त्यास खरे उत्तर दिले पाहिजे. आमचे उत्तर असे की, आठ दिवसांत जे होत नाही ते लग्न नव्हे, तो थाट होय. विधीस लागतात अग्नी, वधूवर, दोन्ही घरची माणसे, आणि काही घटका. कार्यालय, वाजंत्री, पंगती, छायाचित्रकार यांवाचून सातवे पाऊल अडत नाही. देवळाच्या ओसरीवर किंवा घरच्या अंगणात दहा माणसांत लग्न लावावे, त्याच तारखेची नोंदणी करावी, आणि अर्ज पाठवावा. पुढे सवडीने आप्तेष्टांना जेवण घालावे. सत्यही राहते आणि वर्षही वाचते. ज्यांना विधी पुढेच करावयाचा आहे, त्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग मोकळा आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे ती तजवीज आधी करावी. मात्र त्या अधिकाऱ्यापुढे सही झाली की विवाह झाला, हे दोन्ही घरांनी मनापासून मानावे. ती सही तात्पुरती आणि खरे लग्न नंतरचे, असे समजू नये.

आणि ज्यांना वाग्दत्ताचाच मार्ग सोयीचा वाटतो, त्यांनी येथे साखरपुड्यावर थांबावे. लग्न तिकडे लागेल आणि आईवडील कदाचित त्यास मुकतील, हे त्या मार्गाचे मोल आहे. ते मोल द्यावयाचे नसेल तर तो मार्ग घेऊ नये.

आता दुसरा प्रश्न, भाराचा. सत्य राखूनही अन्याय होऊ शकतो. एच-४ वर जाणारी मुलगी कोठेच खोटे बोलत नाही, परंतु नागपुरास वा पुण्यास मिळविलेली नोकरी सोडून ती जेथे जाते, तेथे तिला स्वतःच्या हाताने रुपया मिळविता येत नाही. वाग्दत्त म्हणून जाणारी ९० दिवस परक्या देशात एका माणसाच्या शब्दावर असते. सशर्त निवास मिळालेल्या स्त्रीला २ वर्षांनी पतीची सही लागते. छळ झालेल्या स्त्रीस एकटीने अर्ज करण्याची सवलत त्या कायद्यात आहे, हे प्रत्येक मुलीच्या आईबापांस ठाऊक असावे. आणि विवाहानंतर येथे वाट पाहणारी मुलगी शेजारणीच्या "अजून गेली नाहीस का?" या प्रश्नाला रोज उत्तर देत असते.

यास्तव मार्ग ठरविताना मुलीला शेवटी विचारू नये, प्रथम विचारावे. व्हिसा हाती येण्यापूर्वी तिने नोकरी वा शिक्षण सोडावे असा आग्रह धरू नये. वाट पाहण्याच्या काळात तिने सासरी राहावे, माहेरी राहावे की कामाच्या गावी, हे तिचे तिने ठरवावे. मुलाने वर्षातून एकदा तरी येण्याचा खर्च सोसावा. एकत्र राहण्यासाठी जे सोसावयाचे ते दोघांनी वाटून घ्यावे. सात पावले दोघांनी मिळून टाकलेली असतात, हे नंतरच्या दिवसांतही आठवावे.

पती आधी आणि पत्नी मागून, हाच एक क्रम आहे असेही नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपल्या घरांत माहीत आहे. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. अमेरिकेत जाण्यासाठी त्यांनी साहाय्य मागितले तेव्हा धर्मांतराची अट सुचविली गेली. तो मार्ग सर्वांत सोपा होता, आणि दोघांनी तो नाकारला. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे आनंदीबाईंनी भरसभेत आपण का जात आहोत ते सांगितले, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे वचन दिले, आणि एप्रिलमध्ये त्या १८ व्या वर्षी पतीवाचून निघाल्या. गोपाळराव पुढे मागाहून गेले. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचा अंत झाला. इतक्या अल्प सहजीवनातील कितीतरी महिने त्यांनी एकमेकांपासून दूर काढले. तरीही कोठे जात आहोत आणि कोण म्हणून जात आहोत, हे त्यांस कोणापासून लपवावे लागले नाही.

हे सारे लिहिण्यात परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना नाउमेद करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी जावे, आणि एकत्र नांदावे. आमची विनंती एवढीच की, लग्न ठरल्यावर पंचांग उघडण्यापूर्वी दोन्ही घरांनी एकदा बसून व्हिसाचा मार्ग ठरवावा, मुलीचे म्हणणे प्रथम ऐकावे, आणि त्या मार्गास जुळेल असा विधी, लहान असो वा मोठा, पण खरा करावा. तिथी शोधून देण्यास आणि दहा माणसांत लग्न लावून देण्यास आमचे घर केव्हाही तयार आहे. न झालेल्या लग्नाच्या दाखल्यावर मात्र तेथे सही मिळणार नाही, आणि त्याबद्दल कोणी राग मानू नये.