वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याचा दाखला आपल्याकडे बहुतेक प्रत्येक घरात पत्र्याच्या पेटीत नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो. जन्मतारीख, जन्मस्थळ, जात अशा रकान्यांच्या खाली त्यात 'वर्तणूक' असा एक रकाना आहे. दिवाळीच्या आवराआवरीत हाती लागला, तर वाचकांनी आपला दाखला जरूर उघडून पाहावा. तेथे 'चांगली' हा शब्द सापडेल. शेजाऱ्यांचा मागून घेतला, तर त्यातही 'चांगली'च. माझे आयुष्य शाळेत गेल्यामुळे असे दाखले कार्यालयात तयार होताना मी पुष्कळ पाहिले आहेत. बाकावर करकटाने नाव कोरणारा, मधल्या सुट्टीत कुंपणावरून पसार होणारा आणि वर्षभर पहिल्या बाकावर घडी घालून बसलेली, या सर्वांची वर्तणूक सारखीच चांगली ठरते.

या शब्दाला मी नावे ठेवणार नाही. पोरवयातल्या चुकांची धोंड मुलाच्या गळ्यात जन्मभरासाठी बांधू नये, एवढी माणुसकी त्यात निश्चित आहे. पण जो शब्द कोणालाच नाकारला जात नाही, तो कोणाविषयी काही सांगतही नाही. मग ज्या कामात माणसाच्या वर्तणुकीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, त्या कामाच्या दाराशी हा दाखला घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने काय करावे? आपला मागचा हिशेब स्वतःहून पुढे ठेवावा, की 'चांगली'च्या पांघरुणाखाली निमूट आत शिरावे?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली एक मुलगी तो घेऊन माझ्याकडे आली. तिला परिचारिका व्हायचे होते. बी. एस्सी. नर्सिंगला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गासाठी पंचेचाळीस टक्के लागतात, इंग्रजीत पास असावे लागते. तेवढे गुण तिच्यापाशी होते. अडचण गुणांची नव्हती, वर्षांची होती. बारावीला ती पहिल्यांदा भौतिकशास्त्रात नापास झाली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा भरारी पथकाला तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. ती परीक्षा रद्द झाली, पुढे बसायलाही काही काळ मनाई झाली. मधल्या काळात तिने तालुक्याच्या एका छोट्या दवाखान्यात मावशी म्हणून काम केले, बेडपॅन धुतली, म्हाताऱ्या माणसांच्या कुशी बदलल्या, आणि आपल्याला हेच करायचे आहे असे तिला तेथे कळले. मग ती अभ्यासाला बसली आणि सरळ मार्गाने पास झाली.

आता प्रवेश घ्यायचा तर मधल्या वर्षांचे गॅप सर्टिफिकेट हवे. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते. कचेरीबाहेर संगणक घेऊन बसलेल्या गृहस्थाकडे त्याचा मजकूर तयारच असतो. त्याने मान वर न करता तिला विचारले, "आजारपण टाकू की घरगुती अडचण?" मामा म्हणाले, "आजारपण टाका. हिच्या आजीचं होतंच की." आजी खरोखरच आजारी होती, म्हणजे मजकूर तसा खोटाही ठरला नसता. ती मात्र "उद्या येते" म्हणून उठली आणि संध्याकाळी माझ्याकडे आली. "बाई, खरं कारण लिहू का?" एवढेच तिने विचारले.

मी लगेच उत्तर दिले नाही. 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य फळ्यावर लिहून देणे फार सोपे असते. त्याची किंमत फळ्यासमोर बसलेल्याला भरावी लागते. आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ गुरुजी सरळ म्हणाले, "न विचारलेलं सांगत सुटणं याला सत्य म्हणत नाहीत, बाई. तो आपलाच गाल थोबाडून घेण्याचा प्रकार आहे." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. आपली चूक गावभर सांगत फिरण्याचे बंधन कोणावरही नाही. वसतिगृहातल्या मैत्रिणींना किंवा उद्या स्थळ पाहायला येणाऱ्यांना तिने ही हकीकत ऐकवलीच पाहिजे असे मी म्हणणार नाही. (स्थळ पाहायला येणारे तरी आपले कोणते प्रतिज्ञापत्र बरोबर आणतात!) पण येथे प्रश्न विचारलेला होता. वर्षे का गेली, हे शपथेवर विचारले होते. न विचारलेले मनात ठेवणे वेगळे, आणि विचारलेल्याच्या जागी आजीचे आजारपण उभे करणे वेगळे.

आपल्या परंपरेत प्रवेश मागायला गेलेल्या दोन मुलांच्या कथा आहेत, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गौतम ऋषींकडे गेला. गुरूंनी गोत्र विचारले. आईने, जबालेने, त्याला निघतानाच सांगितले होते की तरुणपणी पुष्कळ ठिकाणी सेवा करीत असताना तू मला झालास, तुझे गोत्र मला माहीत नाही. त्याने ते जसेच्या तसे सांगितले. त्या काळच्या प्रवेशाच्या नियमांत याहून मोठे वैगुण्य ते कोणते असणार? गौतमांनी त्याला समिधा आणायला सांगितल्या, कारण तो सत्यापासून ढळला नव्हता. आणि पहिला धडा म्हणून त्याच्या हवाली चारशे रोडक्या, अशक्त गाई केल्या. त्यांच्या हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असे म्हणून तो रानात गेला. अशक्त जिवांची काळजी घेणे हाच त्याच्या शिक्षणाचा आरंभ होता, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

दुसरा कर्ण. त्याने परशुरामांना आपण ब्राह्मण आहोत असे सांगितले आणि विद्या मिळवली. मांडी किड्याने पोखरली तरी गुरूची झोप मोडू नये म्हणून तो हलला नाही. म्हणजे सेवेत तो कोठेही कमी नव्हता. पण रक्ताच्या ओलाव्याने गुरू जागे झाले, खरे बाहेर पडले आणि शाप मिळाला की ऐन गरजेच्या वेळी ही विद्या तुला आठवणार नाही. कर्णाला दोष देणे मला कधीच जमले नाही. त्याने खरे सांगितले असते, तर परशुराम त्याला दारातूनच परत पाठवणार होते. सत्यकामाच्या खरेपणाची आपण थोरवी गातो, त्यातली निम्मी थोरवी गौतमाची आहे. समोर परशुराम बसलेला असताना मुलाकडून सत्यकामाची अपेक्षा करणे हा आपल्या समाजाचा जुना अप्पलपोटेपणा आहे.

असे असूनही त्या मुलीला मी आजीचे आजारपण लिहायला सांगू शकले नाही, याचे कारण ती ज्या कामाला निघाली होती त्या कामातच आहे. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत म्हणून तो सांगतो : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी ममता आणि शौच. कूळ किंवा पूर्वायुष्य त्या यादीत नाही. शौच आहे, आणि शौच ही गोष्ट एकदा करून ठेवता येत नाही. काल हात धुतले होते, म्हणून आज जखमेला तसाच हात लावता येत नाही. काल मळले होते, म्हणून आज धुतलेले हात अपवित्रही ठरत नाहीत. 'शुश्रूषा' हा शब्दही मोठा अर्थपूर्ण आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यामागून आला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, तेव्हा चारित्र्याविषयी त्यांचा आग्रह कडक होता. तो समजून घेतला पाहिजे. त्याआधीच्या परिचारिकेचे जे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे होते, ते डिकन्सने 1843-44 च्या 'मार्टिन चझलविट' कादंबरीत रंगवलेल्या दारुड्या सेरी गॅम्पचे होते. नाइटिंगेलबाईंच्या शाळेत प्रत्येक विद्यार्थिनीच्या नावाने एक तक्ता असे. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप असे त्याचे रकाने, आणि शेरे उत्कृष्टपासून शून्यापर्यंत. मला त्यातली कडकपणाची बाजू तितकी महत्त्वाची वाटत नाही. तो तक्ता दर महिन्याला भरला जाई, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. माणूस दर महिन्याला नव्याने पाहायचा! आमच्या दाखल्यावरचा शब्द मात्र एकदा पडला की कायमचा.

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. माझीच आई खाटेवर आहे, रात्रीचे दोन वाजले आहेत आणि परिचारिकेच्या हातून चुकून दुसऱ्याची गोळी तिच्या पोटात गेली आहे. कोणी पाहिलेले नाही. त्या वेळी मला कशी परिचारिका हवी? बारावीला पहिल्या झटक्यात उत्तम गुण मिळवलेली, की धावत जाऊन डॉक्टरांना 'माझ्याकडून चूक झाली' असे सांगणारी? दोन्ही एकातच असल्या तर सोन्याहून पिवळे. पण एकीचीच निवड करायची तर मला क्षणाचाही विचार करावा लागणार नाही. अमेरिकेत 1999 साली एक मोठा अहवाल निघाला. त्या देशातल्या रुग्णालयांत दर वर्षी चव्वेचाळीस हजार ते अठ्ठ्याण्णव हजार माणसे उपचारांतल्या चुकांमुळे दगावतात, असा त्यातला अंदाज होता. त्या चुका बहुतांशी वाईट माणसांच्या नव्हत्या, कामाच्या सदोष रचनेतून घडणाऱ्या होत्या; आणि त्या टाळायच्या तर आधी त्या उघड व्हायला हव्यात, असे त्या लोकांनी सांगितले. जेथे चूक सांगणाऱ्याचीच मान धरली जाते तेथे चुका थांबत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. हे समजायला आम्हा शिक्षकांना अमेरिकेपर्यंत जायचे कारण नाही. फुटलेल्या काचेची चौकशी ज्याने एकदा वर्गात केली आहे, त्याला ते ठाऊक असते.

सर्वच डाग सारखे असतात असे माझे म्हणणे नाही. दुर्बळाला छळलेल्या, आजाऱ्याच्या उशाखालचे पैसे काढलेल्या माणसाला वॉर्डात पाठवण्यापूर्वी मी दहादा विचार करीन, आणि त्याने कितीही खरे सांगितले तरी करीन. पण नापास होणे, वर्षे वाया जाणे, भीतीपोटी चिठ्ठी नेणे यांना त्या पंगतीत बसवणे म्हणजे तराजूच मोडणे आहे.

आणि डाग म्हणजे तरी काय? पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. तेथून ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घ्यायला ज्या स्त्रिया गेल्या, त्यांत विधवा होत्या. समाजाच्या वहीत त्यांच्या नावापुढे जो शेरा होता, तो भौतिकशास्त्रातल्या नापासापेक्षा किती तरी काळा होता. सकाळी जिचे तोंड पाहायला लोक कचरत, तिच्या हातचे औषध पुढे तेच लोक मुकाट्याने घेऊ लागले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेची 1973 पासून 2015 पर्यंत, ती जाईपर्यंत, तेथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी शुश्रूषा केली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्यांच्यापैकी कोणाला बारावीला किती गुण होते, हे विचारावेसे कोणाला वाटले असेल काय?

मी त्या मुलीला एवढेच म्हणाले, की लिहायचे असेल तर तुझ्या शब्दांत लिही, रडगाणे लावू नकोस, आणि दवाखान्यातली वर्षेही लिही, कारण तीही तितकीच खरी आहेत. तिने चार ओळी लिहिल्या. कचेरीबाहेरच्या गृहस्थाने असा मजकूर पहिल्यांदाच टंकला असावा. त्याने चष्मा काढून तिच्याकडे पाहिले म्हणे. मामा आठ दिवस बोलले नाहीत.

खरेपणाचे फळ लगेच गोड मिळाले, असे लिहायचा मोह दिवाळी अंकात होतो. तसे झाले नाही. पहिल्या ठिकाणी कागद चाळणाऱ्या बाईंनी "अशा मुली आमच्याकडे चालत नाहीत" असे तिच्यादेखत मामांना सांगितले. ती घरी येऊन रडली. मामांच्या डोळ्यांत 'सांगत होतो' हे स्पष्ट दिसत होते, आणि त्या दिवशी माझ्याकडेही त्यांना देण्यासारखे उत्तर नव्हते. दुसऱ्या ठिकाणी प्राचार्याबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, "हे तू लिहिलंस की कोणी सांगून लिहवून घेतलं?" ती म्हणाली, "बाईंना विचारलं होतं. लिहिलं मीच." त्यांनी पुढे चिठ्ठीविषयी काही विचारले नाही. दवाखान्यात रुग्णाची कूस किती वेळाने बदलत होतीस, हे विचारले. दर दोन तासांनी, असे ती म्हणाली आणि कशी बदलायची तेही हातांनी करून दाखवू लागली.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत ती भेटायला आली, तेव्हा तिने आपली वही दाखवली. रुग्णाच्या कागदावर नोंद चुकली तर ती खरडून काढायची नाही, तिच्यावर व्हाइटनर लावायचा नाही. खालचे अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ तिच्यावर मारायची, बरोबर नोंद पुढे लिहायची, आणि शेजारी तारीख, वेळ घालून स्वतःची सही करायची, असे त्यांना शिकवले होते. तिच्या वहीत अशा पाच-सहा रेघा होत्या. "सही करायला विसरलं की मात्र फार ओरडा बसतो, बाई," असे ती हसत म्हणाली, आणि फराळाचे ताट पुढे ओढून चकली मोडू लागली.